जुनी डिझेल कार सुरू होत नाही : व्होल्टेज कोठे हरवते?

थंडीत सकाळी जुन्या डिझेल कारची किल्ली फिरवली की इंजिन दोन-तीन आचके देते आणि थांबते. अशा वेळी बहुतेक जण नवी बॅटरी घेतात. पुष्कळदा दोष बॅटरीत नसतोच. पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. तो दोष मोजून कसा शोधायचा, हे या पाठात पाहू.

उदाहरणासाठी १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. इंजिन सावकाश फिरले, तर ही उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते. म्हणून स्टार्टर, म्हणजे आपल्या बोलीतला 'सेल्फ', जोरात फिरणे येथे अत्यावश्यक आहे.

समजा, सेल्फ २५० अँपिअर प्रवाह घेतो आणि बॅटरीच्या गंजलेल्या क्लँपचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार त्या एका सांध्यावर २.५ व्होल्ट खर्च होतात. हाच सांधा ६० वॉटच्या दिव्याच्या मार्गात असता, तर ५ अँपिअरला जेमतेम ०.०५ व्होल्ट गेले असते. "दिवे लख्ख लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे" हा तर्क येथेच फसतो. किल्ली न फिरवता मीटर लावलात, तर तोही तुम्हाला फसवील. प्रवाहच नसेल तर व्होल्टेज पडणार कसे?

म्हणून मोजमाप सेल्फ फिरत असतानाच करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली फिरवायला दुसऱ्याला बसवा. आधी बॅटरी पाहा : विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट असावेत. सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ अवाजवी प्रवाह खेचतो आहे. ते टिकून असतील, तर मीटरची एक तार बॅटरीच्या धन खांबावर (क्लँपवर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष त्या वाटेवर आहे. मग ऋण खांब आणि इंजिनचे उघडे धातू यांत मोजा, येथे ०.३ व्होल्टसुद्धा पुष्कळ झाले. ही अर्थिंगची बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत. गिअरबॉक्स उतरवून चढवल्यावर अर्थिंगची पट्टी लावायची राहिली, तर प्रवाह ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तापते!

सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर ग्लो प्लग, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतले हीटर प्लग, पाहा. त्यांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजा. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग जळाला आहे. ते समांतर जोडलेले असल्याने एक जळाला तरी बाकीचे तापतात. इंजिन थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू होते. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो बहुधा ठरावीक वेळाने विझतो. प्लग तापले की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

प्लगही ठीक निघाले, तर किल्ली 'ऑन' करून इंधन पंपाजवळ कान द्या. पंपावर इंधन बंद करणारा सोलेनॉइड असेल, तर 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज नाही, तर त्याच्या तारेवर १२ व्होल्ट पोहोचतात का ते मोजा. पोहोचत असतील तर सोलेनॉइड बदला. नसतील तर फ्यूजपासून मागोवा घ्या.