आडोशाची त्वचा : जांघेतला नायटा आणि मेडिकलमधली ट्यूब

माणूस डॉक्टरलाही जी जागा सगळ्यात शेवटी दाखवतो, तिच्याविषयी या आठवड्यात लिहायचं आहे. खानदेशातल्या उन्हाळ्यात या विषयाला टाळाटाळ परवडत नाही. एप्रिल-मे महिन्यात धुळ्याचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. देवपुरात कॉलेज आणि क्लासेससाठी राहणारी मुलं दिवसभर घट्ट जीन्समध्ये असतात, बायका घामाने भिजलेल्या परकराच्या घट्ट नाडीसकट स्वयंपाकघरात आणि शेतात राबतात. जांघेत ओल टिकते, घर्षण होतं आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं. आधी खाज, मग लालसर कड असलेलं गोल चकंदळ. हाच नायटा, गजकर्ण. त्यानंतर बहुतेकांची पावलं दवाखान्याकडे नव्हे, मेडिकलकडे वळतात. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभं राहायचं आणि मग हळूच विचारायचं, ‘भाऊ, खाजनं मलम शे का?’

हातात पडते ती ट्यूब बऱ्याचदा मिश्रणाची असते. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला तीव्र स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, कारण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबून टाकलेली असते. बुरशी मात्र जिवंत असते आणि आता तिला अडवणारं कोणी उरलेलं नसतं. ट्यूब बंद केली की ती मांडीवर, कुल्ल्यांवर, पोटावर पसरते, कधी एका कड्यात दुसरं कडं उमटतं. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. शिवाय ही कातडी फार पातळ. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोशाची त्वचा स्टेरॉइड सुमारे ४० पट शोषते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांत जांघेत गर्भारपणात पोटावर उमटतात तसे वण पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांचा ‘शेड्यूल एच’मध्ये समावेश केला, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती सहज मिळतात, हे आपण सगळे जाणतो. म्हणून ट्यूबवरचं बारीक अक्षर स्वतः वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर जांघेतल्या खाजेला ती स्वतःच्या मनाने लावू नका.

भारतभर गेल्या काही वर्षांत नायटा हट्टी झाला आहे. ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव २०२० मध्ये मिळालेली बुरशी टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे आता उपचार काही आठवडे चालतात, घरातल्या खाजणाऱ्या प्रत्येकाला एकाच वेळी घ्यावे लागतात आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर सुरू ठेवावे लागतात. टॉवेल वेगळा, आतले कपडे सुती आणि उन्हात कडक वाळवलेले. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे.

एवढं वाचून स्टेरॉइड हा शत्रूच, असं कोणी ठरवेल. तसं नाही. पाळी गेलेल्या एखाद्या बाईला योनीच्या बाहेरच्या भागात अनेक महिने खाज सुटते, तिथली त्वचा पांढुरकी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते, भेगा पडतात, लघवीला आग होते. हा ‘लायकन स्क्लेरोसस’ असू शकतो आणि त्यावरचं मुख्य औषध तेच तीव्र क्लोबेटासॉल, फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली. उपचार टाळले तर भाग आक्रसतो आणि काही थोड्या बायकांमध्ये पुढे तिथे कर्करोगही होतो. एकाच औषधाने एकीचा आजार चिघळतो, दुसरीचा आवरतो. कोणाला कोणतं हे पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि आपल्याकडे पाहणंच होत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते आजार केवळ त्वचेचे नव्हते, पण दुखणं सोसत राहण्याची ही सवय त्वचेच्या बाबतीतही तीच आहे.

पुरुषांमध्ये सिफिलिस हा लैंगिक आजार फार फसवा. लिंगावर एखादी जखम होते, जी दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप बरी होते आणि श्रेय मिळतं त्या ट्यूबला. जंतू मात्र रक्तात असतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतं, बायकोला लागण होते, ती गरोदर असेल तर बाळालाही धोका. रक्ताची साधी तपासणी आणि वेळेत मिळालेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन एवढ्याने हे सगळं टळतं. एका ठिकाणी जमलेले, दुखणारे बारीक फोड हर्पिसचे असू शकतात.

लिंगाच्या टोकाची कातडी पुन्हा पुन्हा लाल होते, चिरते, पांढरा थर येतो? तर आधी साखर तपासा. अनेकांचा मधुमेह पहिल्यांदा इथेच सापडतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीतून साखर जाते, त्यांनाही हा त्रास होतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि एखादी वेदनाशामक किंवा प्रतिजैविक गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी काळसर डाग उठत असेल, तर ती गोळीची अ‍ॅलर्जी असते. गोळीचं नाव लिहून ठेवा.

काही गोष्टींना मात्र उपचारच नको असतात. लिंगमुंडाच्या कडेने ओळीत येणारे मोत्यासारखे बारीक दाणे, त्वचेखाली दिसणारे फिकट पिवळे ठिपके, वयाबरोबर गडद होणारा रंग, हे सगळं नैसर्गिक आहे. त्यापायी तरुण मुलं रात्र रात्र जागतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, वाचकांच्या असल्या शंकांना छापील उत्तरं दिली आणि त्यासाठी खटलेही सोसले. एवढ्या वर्षांनी आपल्या मुलांना हे विचारायला घरात कोणी नसावं, याचं वाईट वाटतं.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, वाढणारी गाठ किंवा चामखीळ, लिंगाची मागे न सरकणारी कातडी, कारण न कळता येणारं रक्त किंवा वास, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. मधुमेही माणसाला अंडकोशाजवळ अचानक असह्य वेदना, सूज, काळेपणा आणि ताप आला, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं. तिथे उशीर जिवावर बेततो.

धुळ्यात चक्करबर्डीला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे त्वचारोग विभागात दाखवता येतं. लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, नाव गुप्त राहतं. बाईने महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी असं मोकळेपणाने सांगावं, तो तिचा हक्क आहे. आत गेल्यावर ‘जांघेत त्रास आहे, दाखवायचंय’ एवढं वाक्य पुरतं. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, आणि जाण्याआधी कोणतंही मलम लावू नका.

पुढील लेखांक : नखांतली बुरशी आणि पाण्यात काम करणाऱ्यांचे हात