विश्लेषण : विमान कंपन्या एक झाल्या, वैमानिक का नाही?

अमेरिकेत २००५ मध्ये ‘यूएस एअरवेज’ आणि ‘अमेरिका वेस्ट’ यांचे विलीनीकरण झाले. वैमानिकांतील भांडण मात्र दशकभर चालले.

वाद कशाचा?
सेवाज्येष्ठतेचा. कोणते विमान, कोणती सुटी आणि मंदीत आधी घरी कोण बसणार, हे यादीतील क्रमांकावर ठरते. लवाद निकोलाऊ यांच्या मे २००७ च्या निवाड्याने यूएस एअरवेजचे कपातीत गेलेले वैमानिक यादीच्या तळाशी गेले. अमेरिका वेस्टमध्ये नुकतेच लागलेले त्यांच्या वर.

संघटना का बदलली?
दोन्ही गट ‘अल्पा’चे सभासद होते, पण यूएस एअरवेजवाले संख्येने जास्त. २००८ मध्ये मतदानाने ‘अल्पा’ हटली, ‘यूएसएपीए’ आली. तिने निवाडा लागू होऊ दिला नाही.

पैशांचे काय?
‘अमेरिकन एअरलाइन्स’मधील विलीनीकरणानंतर २०१४ मध्ये ‘यूएसएपीए’ची मान्यता गेली. सर्वांच्या वर्गणीचा निधी एकाच गटाच्या ज्येष्ठतेच्या लढ्यासाठी वापरण्यास अमेरिका वेस्टच्या वैमानिकांनी हरकत घेतली.

निकाल काय?
‘यूएसएपीए’ने या वैमानिकांचे न्याय्य प्रतिनिधित्व केले नाही, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. तिन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची एकत्रित यादी ठरली ती २०१६ मध्ये, पुन्हा लवादाकडूनच.