कसब्यातला रविवार

कसबा पेठेत गाडी लावायला जागा शोधत कधी फिरला असाल, तर एक नाव तुम्ही वाचलं असेल, आणि बहुतेक दोनदा वाचलं असेल. ब्रदर देशपांडे मेमोरियल चर्च. बाहेरगावच्या दोस्तमंडळींना पेठा दाखवायची वेळ आली की मी मुद्दाम त्यांना या बाजूने आणते. लाल महाल, तांबट आळीतली ठोकठोक, थोरल्या शेख सल्ल्याचा दर्गा, कसबा गणपती हे सगळं ते मजेत बघतात, फोटो काढतात. इथे मात्र थांबतात. ‘‘चर्च आणि देशपांडे? खरंच?’’

खरंच. हा प्रश्न माझ्या फार ओळखीचा आहे, कारण तो मला स्वतःबद्दल ऐकायची सवय आहे. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात एका सरांनी हजेरी घेताना माझं नाव वाचलं, मग आडनाव वाचलं, मग चष्मा वर करून म्हणाले, ‘‘आडनाव तर आपल्यातलंच दिसतंय की!’’ वर्ग हसला. मीही हसले. ‘आपल्यातलीच आहे, सर’ हे घरी येऊन जिन्यात सुचलं.

तर दोस्तहो, मी मराठी ख्रिस्ती. पेठेतल्याच एका छोट्या मंडळीत वाढलेली. आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणारी माणसं. (आजोबांच्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, त्यामुळे पाळकसाहेबांनी ‘माझी मंडळी’ म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची.) कसब्यात मंडळं पुष्कळ आणि मोठी, आमची मंडळी लहान. नाताळात तुम्ही एमजी रोडवर फिरायला येता, टोपी घालून सेल्फी काढता, ते छानच आहे. पण उरलेल्या एकावन्न आठवड्यांत आम्ही काय करतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज न विचारता सांगते.

आधी थोडा इतिहास, अगदी थोडा. आमचं वळण प्रेस्बिटेरियन. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. ‘प्रेस्बिटर’ म्हणजे ग्रीक भाषेत वडीलधारा माणूस. बिशपने वरून सांगायचं आणि खाली सगळ्यांनी ऐकायचं, असं नाही. मंडळीने आपल्यातून वडील निवडायचे आणि त्यांच्या सभेने कारभार बघायचा, ही स्कॉटलंडची पद्धत. तिथले मिशनरी १८२३ मध्ये आधी कोकणात आले, बाणकोट आणि हर्णैला, आणि काही वर्षांनी पुण्यात. पुण्यातल्या त्यांच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात एक विद्यार्थी शिकत होता, त्याचं नाव जोतीराव फुले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी काही काळ पुण्यात याच परंपरेच्या फ्री चर्चचे पाळक होते. पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि आजचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. त्यात अँग्लिकनही होते, त्यामुळे बिशपही आले. पाटीवरून प्रेस्बिटेरियन शब्द गेला. सवयी मात्र जात नाहीत. आमच्याकडे अजून लांबलचक उपदेश असतो, प्रत्येक गोष्टीला कमिटी असते आणि प्रत्येक कमिटीचं इतिवृत्त असतं.

आमचं वर्ष खरं म्हणजे जूनमध्येच सुरू होतं, तुमच्यासारखंच. नवी दप्तरं, नवे रेनकोट, आणि संडे स्कूलचा नवा वर्ग. पोरं कमी म्हणून पहिली ते सातवी एकाच खोलीत. मी तिथे शिकवते, म्हणजे दाविद आणि गल्याथाची गोष्ट सांगते आणि खडूने गल्याथ काढते. पावसाळ्यात उपासनेला बाकं निम्मी रिकामी असतात. याचं कारण श्रद्धा कमी झाली असं कुणी म्हणेल, पण मला वाटतं कारण पुण्याचा नकाशा आहे. पेठेतल्या दोन खोल्यांत तीन भाऊ किती दिवस राहणार? एक पिंपरीला गेला, एक हडपसरला, एक वडगाव शेरीला. तिथून पावसात स्कूटरवर म्हातारी आई, बायको आणि पोर घेऊन साडेनऊला कसब्यात पोचणं म्हणजे काय, ते त्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांनाच विचारा. आता मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झालंय, तर दोन कुटुंबं पुन्हा नेमाने दिसायला लागली. आमच्या पाळकांनी वेदीवरून मेट्रोचे आभार मानले नाहीत, एवढंच.

मग येतात गणपती. कसब्यात राहून गणपतीशी आपला संबंध नाही, असं कुणाला म्हणता येतच नाही. आमच्या तरुण संघातली निम्मी पोरं लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या पथकाचा सराव कानावर घेत वाढलेली, दोघं तर ताशा वाजवतात. त्यावरून घरात कधी वाद होतात, कधी होत नाहीत. घराघरावर आहे. २०२५ ची गंमत सांगते. अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला होती. विसर्जन मिरवणूक एका दिवसात संपत नाही हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे रविवारी सकाळीही ती चालूच होती. आणि तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजनाचा. सगळे रस्ते बंद. आम्ही मोजकेच, सगळे चालत आलेलो, चपला हातात, पायजम्याच्या पायाला गुलाल. उपदेश ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून तो झाला नाही. (मागच्या बाकाने मनात आभारगीत म्हटलं.) भाकर आणि द्राक्षरस फिरला तो ढोलाच्या ठेक्यावर. शेजारच्या आज्जी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘पन्नास वर्षं बघतेय गं. आपण थोडं हळू म्हणायचं, ते थोडं लांब जातात.’’

संगीताचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबते, कारण आमच्याकडचं खरं भांडण इथेच आहे. जुन्या स्कॉटिश चर्चमध्ये वाद्यं चालत नसत. नुसती स्तोत्रं, कोरड्या गळ्याने. मराठी मुलखात आल्यावर मात्र त्यांना तबला आणि पेटीने गाठलं. आमच्या हातात असतं ते ‘उपासना संगीत’, आणि त्यात मोठा वाटा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांचा. हो, तेच ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाईंचे टिळक. अभंगाच्या, भजनाच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी, साथीला टाळ. डोळे मिटून ऐकलं तर तुम्हाला वाटेल शेजारच्या विठ्ठलमंदिरात आलो. माझ्या चुलतभावाला हेच आवडत नाही. त्याचं म्हणणं, ‘‘ताई, कोण ऐकतं हे? तिकडे कॅम्पात बघ, ड्रम सेट, स्क्रीनवर शब्द, इंग्लिश गाणी. पोरं तिकडेच जाणार.’’ गेलीच आहेत. त्याच्या वयाची पाच होती, आता दोन उरली.

आणि पेटी वाजवणारे काका एकच. वय पंचाहत्तरच्या पुढे, बोटं थरथरतात. गेल्या वर्षी एका गाण्याच्या मधेच त्यांचा हात थांबला. सगळ्यांनी गाणं बिनपेटीचं पूर्ण केलं. त्या जुन्या स्कॉटिश पाहुण्यांना बरं वाटलं असतं. आम्हाला कुणालाच वाटलं नाही.

दिवाळीनंतरचा एक रविवार मात्र चुकवू नका. हार्वेस्ट फेस्टिव्हल, म्हणजे पिकाच्या आभाराचा सण. कसब्यात पीक कसलं येणार? पण वेदीपुढे ऊस बांधलेले असतात, भोपळे असतात, पुरंदरच्या कुणाच्या मामाकडची सीताफळं, मंडईतून आणलेली मेथी, घरचा केक, तिळाचे लाडू आणि एखादी कोंबडी, जिवंत. उपासना झाली की लिलाव. एरवी पै-पैचा हिशेब मागणारे आमचे खजिनदार या दिवशी हातोडा घेऊन वेगळेच गृहस्थ होतात. दहा रुपयांचं लिंबू पाचशेला जातं, कारण दोन सख्खे भाऊ इरेला पेटलेले असतात आणि दोघांच्या बायका खाली मान घालून हसत असतात. लिंबू जिंकणारा ते परत देतो, पुन्हा लिलाव होतो, असं ते लिंबू चार वेळा विकलं जातं. मागच्या वेळी या पैशांतून छपराची गळती काढली. छोट्या मंडळीचा अर्थसंकल्प हा असा लिंबावर उभा असतो. तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या मीटिंगपेक्षा बरा प्रकार आहे, एवढं मी सांगू शकते.

डिसेंबरचं तुम्हाला बरंच माहीत आहे. तरी एक सांगते. जिथून ही पद्धत आली त्या स्कॉटलंडात नाताळ साजरा करणं कित्येक पिढ्या मंजूरच नव्हतं, तिथे नाताळाची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ मध्ये. आणि इथे त्यांच्याच मंडळीत करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमचा सुरू. आकाशकंदिलाच्या जागी चांदणी लागते. कॅरोल म्हणायला रात्री निघतो ते आता टेम्पो करून, कारण घरं पिंपरीपासून हडपसरपर्यंत पांगलीत. एक घर ते दुसरं घर पाऊण तास. एका रात्रीत पाच घरं झाली की ढोलकीवाला झोपतो. एकतीसला रात्री अकराला वॉच नाइट. जुन्या वर्षाबद्दल ज्याला जे सांगायचं ते त्याने उभं राहून सांगायचं. नोकरी गेली, नातू झाला, गाठ साधी निघाली. बाहेर बारा वाजता फटाके फुटतात तेव्हा आम्ही गुडघ्यावर असतो.

लेंटचे चाळीस दिवस, घरोघरच्या प्रार्थनासभा, प्रत्येक सभेनंतर चहा-पोहे. गुड फ्रायडेला बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा चौथा माझ्याकडे होता, ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’, आणि सातांतला सगळ्यांत अवघड मलाच का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘दुसरं कुणी तयार नाही.’’ ईस्टरला पहाटे दफनभूमीत जातो. मेणबत्त्या, ओलं गवत, आणि परतताना गरम चहाचा थर्मास.

आणि मग आर्थिक वर्ष संपलं की वार्षिक सभा. इथे स्कॉटिश रक्त जागं होतं. कोरम, मागचं इतिवृत्त, जमाखर्च, आणि कमिटीची निवड. चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी घालायची, डब्यात टाकायची. लाखाच्या देणगीवाल्याचं मत एक, पेन्शनवर जगणाऱ्या आज्जींचं मतही एक. मला लहानपणी हा प्रकार भयंकर कंटाळवाणा वाटायचा. आता नाही वाटत. कारण इतक्या छोट्या जागेत एक मत इकडचं तिकडे झालं की खरंच काहीतरी हलतं. यंदा वाद होता तो स्क्रीन घ्यायचा की पेटी दुरुस्त करायची. दोन्हीला पैसे नाहीत. माझा चुलतभाऊ उभा राहून स्क्रीनच्या बाजूने बोलला, चांगला बोलला. काका बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, ‘‘घ्या स्क्रीन. पण वाजवणार कोण ते आधी ठरवा.’’ सभा गप्प.

एका मताने पेटी जिंकली. मत कुणाचं होतं, चिठ्ठीवर नाव नसतं म्हणून सांगत नाही. चहाच्या वेळी चुलतभाऊ काकांच्या शेजारी जाऊन बसला आणि ‘‘सा कुठला?’’ असं विचारलं. काकांनी पट्टी दाखवली. आता शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा त्यांची शिकवणी असते. पहिले तीन शनिवार ऐकवत नव्हतं.

त्याच सभेत कमिटीसाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. वय सव्वीस, कमिटीतल्या सगळ्यांत तरुण सभासदाच्या बरोबर निम्मं. अडचण अशी की माझ्या मेलमध्ये बेंगळुरूच्या नोकरीचं पत्र येऊन पडलंय, रुजू व्हायचं एक जुलैला. आई काही बोलत नाही. शेजारच्या आज्जी म्हणाल्या, ‘‘जा गं, पण आधी संडे स्कूलला कुणी बघून जा.’’ मी दोघींना विचारलं, एक म्हणाली रविवारी जिम असते, दुसरी विचार करतेय.

चिटणीसांना उत्तर येत्या रविवारपर्यंत द्यायचंय. उपासना साडेनऊला असते. वाटेत असाल तर आत या. गाडी मात्र लांब लावा, आणि मागच्या बाकावर बसलात तर उपदेश चालू असताना हसू नका, समोरून सगळं दिसतं.