आखाड्यावरचा पाहुणचार आणि घरातला संसार



आपल्या भागात अलीकडे एक विचार वरचेवर कानी येतो. नांदेडहून जांब, जळकोट, उदगीर असा बिदरकडे जाणारा रस्ता अनेकांच्या रानाजवळून जातो. तेव्हा आखाड्यावर दोन-तीन खोल्या बांधाव्यात, शहरच्या माणसाला हुरडा, भाकरी-ठेचा खाऊ घालावा, रात्री मुक्कामाला ठेवावे आणि चार पैसे गाठीला बांधावेत. विचार चुकीचा नाही. जळकोट तालुका डोंगराळ, रान हलके, पाण्याचा भरवसा नाही. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. एकट्या उसावर विसंबून राहू नये, हे शहाणपणच आहे.

पण असा धंदा काढणारा माणूस विटांचा, पत्र्यांचा, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करतो आणि एक हिशेब साफ विसरतो. तो म्हणजे नवरा-बायकोचा. खोल्या वर्षभरात उभ्या राहतात आणि त्याच वर्षात घरातला संवाद बंद पडतो, असेही होते. म्हणून हा विषय आम्ही इथे मांडत आहोत.

धंदा नवीन नाही

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी आपल्या सगुणा बागेत पाहुणे बोलावण्यास १९८०च्या दशकात सुरुवात केली. पुढे बारामती तालुक्यात पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचे केंद्र उभे करून अनेक शेतकऱ्यांना ही वाट दाखवली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊ लागली. आपल्याकडे उदगीरचा किल्ला, देवर्जनजवळचे हत्तीबेट, कंधारचा किल्ला, माळेगावची जत्रा, नांदेडचा गुरुद्वारा अशी ठिकाणे आहेत. तेव्हा माणूस येणारच नाही असे नाही.

पाहुणा आणि गिऱ्हाईक

पाहुणचार आपल्याला शिकवावा लागत नाही. येळवशीला सारा जिल्हा रानात उतरतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाला आग्रहाने वाढले जातात. त्यामुळे अनेकांना वाटते, की येळवस जमते तर हे का जमू नये?

फरक इथेच आहे. येळवशीचा पाहुणा संध्याकाळी घरी जातो. त्याचे पैसे घेतलेले नसतात, म्हणून आमटीत मीठ कमी पडले तरी तो बोलत नाही. शिवाय येळवस वर्षातून एकदा येते. गिऱ्हाईक दर शनिवारी येते, रात्री अकराला गरम पाणी मागते, पहाटे सहाला चहा मागते, आणि पैसे दिलेले असल्याने बोलतेही. साधा हिशेब करा. दहा माणसे, दोन वेळचे जेवण, माणशी तीन भाकरी, झाल्या साठ. एका भाकरीला अडीच मिनिटे धरली तरी अडीच तास नुसते चुलीपुढे. भाजी, भांडी, पांघरुणे, झाडलोट वेगळीच. हे करते कोण? बाई. आणि त्याच वेळी मालक काय करतात? बाजेवर बसून पाहुण्यांना शेती समजावून सांगतात.

मालकांचे कामही काम आहे, त्यांचीही धावपळ होते. वीज गेली, मोटार जळाली, गाडी चिखलात रुतली, तर त्यांनाच पळावे लागते. पण त्यांचे काम चारचौघांत दिसते, त्याची वाहवा होते. बाईचे काम मात्र भिंतीआड राहते. पाहुणे जाताना मालकांचा हात हातात घेऊन "फार छान सोय केलीत" म्हणतात. चुलीपुढची बाई ते आतून ऐकते. भांडणाचे पहिले बी तिथे पडते.

कोयत्याचा हिशेब

आपण साखर कारखान्याची माणसे, आपल्याला हे नव्याने सांगायला नको. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. फडात दोघे बरोबरीने राबतात, मोळ्या ती डोक्यावर वाहते. पण मुकादमाकडून उचल बहुधा घेतो नवराच. कामात दोघे मिळून एक. पैसा मात्र एकाच्याच हाती. आखाड्यावरच्या धंद्यातही नेमके हेच घडते. पाटीवर, परवान्यावर, बँकेच्या खात्यावर नाव मालकांचे. पाच रुपयांची टिकली घ्यायची तरी तिने मागायचे.

यावर उपाय शोधणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज मिळवून दिले. रांधणे हा धंदा आहे आणि रांधणारी ही धंदेवाईक आहे, हे त्यातून बँकेनेही मानले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचे आवाहन शेतकऱ्यांना केले. २००३ साली सरकारनेही ग्रामीण भागातील घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय घेतला. या गोष्टी जुन्या झाल्या, पण आखाड्यावर खोल्या बांधताना किती जणांना आठवतात?

बिनपैशाचे पाहुणे

दुसरे मूळ नातेवाइकांचे. खोल्या झाल्याचे कळले की भाऊबंद, मित्र, पुढारी, सगळे येतात. पैसे मागायची सोय नसते. मालकांचे मित्र जेवून गेले तर तो व्यवहार. तिचा भाऊ दोन दिवस राहिला तर मात्र "खोली अडली"! अशी एक ओळ घरात बोलली गेली, की ती पुसता पुसत नाही.

तिसरे मूळ म्हणजे घर आणि दुकान यांत भिंत राहत नाही. म्हातारी सासू, शाळेची लेकरं, स्वतःचे दुखणे, सारे गिऱ्हाइकानंतर. नवरा-बायको दिवसभर बोलतात, पण काय? "गाद्या टाकल्या का? दूध आणलं का? पाच नंबरला पाणी पोचलं का?" तिच्या मनात काय आहे ते तिला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या कर्जाच्या काळजीची वाच्यता तोही करत नाही.

काय करावे

आम्ही काही मोठे तत्त्वज्ञान सांगत नाही. चार गोष्टी सुचवतो.

पहिली: धंदा काढायचा की नाही, हे दोघांनी मिळून ठरवावे. तिने "नको" म्हटले तर कारण ऐकून घ्यावे. काम किती पडणार हे तिला अधिक नेमके माहीत असते.

दुसरी: नोंदणी, अन्न परवाना, बँक खाते, शक्य तिथे दोघांच्या नावे करावे. निदान स्वयंपाकाची मजुरी दर आठवड्याला वेगळी काढून तिच्या खात्यात भरावी. बाहेरची बाई ठेवली असती तर तिला दिलीच असती ना?

तिसरी: भांडी आणि भाकरी यांना गावातल्या दोन बायका पहिल्या दिवसापासून लावाव्यात. नफा थोडा कमी होईल, पण संसार टिकेल.

चौथी: आठवड्यातून एक दिवस फाटक बंद. त्या दिवशी गिऱ्हाईक नाही, हिशेब नाही. नातेवाइकांचे काय करायचे तेही आधीच ठरवावे, आणि दोन्हीकडच्यांना एकच नियम लावावा.

शेवटी एक. दोन हंगाम चालवून बघावे. झेपत नाही असे दिसले तर बंद करण्यात कमीपणा नाही. खोल्या वाया जात नाहीत. कडबा ठेवायला, खताची पोती ठेवायला उपयोगी पडतात. पण अबोला धरलेली दोन माणसे एका छपराखाली ठेवायला कितीही खोल्या बांधल्या तरी पुरत नाहीत. तेव्हा बंधूंनो, पत्रे आणायला उदगीरला जाण्याआधी घरात दोघांनी बसून एकदा बोलावे, एवढीच विनंती.