बंद दारांआडचे नागरिक (भाग ९) : दावा लावायचा कोणी?

या आठवड्यात बालसुधारगृहांकडे वळायचे ठरले होते, ते एक आठवडा पुढे ढकलतो. अलाबामातल्या ब्राइस या मनोरुग्णांच्या इस्पितळावरचा भाग वाचून एका वाचकाने विचारले आहे की, संविधानाने हक्क दिले होते, न्यायालये उघडी होती आणि अलाबामाच्या रुग्णांनी दावा लावून तो जिंकलाही, तर मग १९८० मध्ये अमेरिकेला संस्थांत ठेवलेल्या माणसांच्या नागरी हक्कांसाठी वेगळा कायदा का करावा लागला? सरकारनेच सरकारवर दावा लावायचा, हा काय प्रकार आहे? प्रश्न दोन ओळींचा आहे, पण या सगळ्या लेखमालेच्या मुळाशी तोच आहे. त्याला घाईघाईत उत्तर देऊन पुढे जावेसे वाटत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्ट या सरकारी संस्थेतल्या एका रहिवाशाचे प्रकरण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. ‘यंगबर्ग विरुद्ध रोमिओ’ या नावाने ते ओळखले जाते. न्यायालयाच्या नोंदीनुसार हा माणूस ३३ वर्षांचा होता आणि त्याची समज दीड वर्षाच्या मुलाएवढी होती. त्याला बोलता येत नव्हते. १९७४ च्या जुलैपासून पुढच्या काळात त्याला निदान ६३ वेळा इजा झाली होती, काही स्वतःच्या वागण्यामुळे, काही इतर रहिवाशांकडून. भेटायला येणाऱ्या आईच्या नजरेला त्या जखमा पडल्या आणि १९७६ मध्ये तिने त्याच्या वतीने दावा लावला. अशा माणसालाही सुरक्षिततेचा, विनाकारण बांधून न ठेवले जाण्याचा आणि त्यासाठी लागेल तेवढ्या प्रशिक्षणाचा हक्क आहे, असे न्यायालयाने मान्य केले. निकाल मोठाच आहे. पण तो ज्या धाग्यावर लोंबकळत होता तो पाहा. आई जिवंत होती, ती येत होती, तिने जखमा पाहिल्या आणि वकील गाठला. पेनहर्स्टसारख्या संस्थांत वीस-वीस, तीस-तीस वर्षे काढलेल्या किती जणांकडे कोणी येत होते? ज्याला बोलता येत नाही आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याचा संविधानातला हक्क शब्दानेही कमी नसतो, पण तो मागायला न्यायालयाच्या पायरीवर कोणीच उभे नसते.

कैद्याला लिहिता-बोलता येते, म्हणून त्याची स्थिती बरी असेल असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याची तक्रार आधी त्याच अधिकाऱ्यांकडे जाते ज्यांच्याविरुद्ध ती असते. १९९६ च्या कायद्यामुळे तर तुरुंगातल्या अंतर्गत तक्रारीची प्रत्येक पायरी चढून झाल्याशिवाय संघ न्यायालयात जाता येत नाही, आणि जिंकलेल्या वकिलाला मिळणाऱ्या फीलाही त्याने मर्यादा घातली. खासगी वकील आणि लोकहिताच्या संस्था हे काम करतात, उत्तम करतात. ब्राइसचा दावा त्यांचाच होता. मात्र त्या दाव्यातही न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन यांनी संघ सरकारला न्यायालयाचा मित्र म्हणून बोलावून घेतले होते. एका इस्पितळात हजारो माणसे कशी राहतात याचा पुरावा गोळा करणे हे एकट्या वकिलाच्या आवाक्यातले काम नव्हे.

वाचकाच्या प्रश्नाचा गाभा इथून सुरू होतो. सरकारला मित्र म्हणून बोलावता येते, तर ते स्वतःहून का जाऊ शकत नव्हते? त्याने तसा प्रयत्न केला होता. मेरिलँडमधल्या रोझवुड या मतिमंदांच्या सरकारी इस्पितळाची अवस्था पाहून संघ सरकारच्या न्याय खात्याने १९७४ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. रहिवाशांच्या संविधानिक हक्कांची पायमल्ली होते आहे, एवढाच मुद्दा होता. आधार म्हणून १८९५ चा डेब्ज निकाल पुढे केला. पुलमन रेल्वे संपाच्या वेळी, त्यासाठी वेगळा कायदा नसतानाही, सरकारने संपकऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. रोझवुडच्या बाबतीत मात्र न्यायालयाने ऐकले नाही. १९७६ मध्ये दावा फेटाळला गेला, १९७७ मध्ये अपील न्यायालयानेही तेच केले. रहिवाशांचे हाल होत नाहीत, असे कोणी म्हटले नव्हते. म्हणणे एवढेच होते की, काँग्रेसने अधिकार दिल्याशिवाय अ‍ॅटर्नी जनरलला कोणाच्याही हक्कासाठी राज्यावर दावा लावता येत नाही, आणि असा सर्वसाधारण अधिकार देणारे कलम १९५७ च्या नागरी हक्क विधेयकातून सिनेटने जाणूनबुजून गाळले होते. १९७९ मध्ये मोंटानातल्या बोल्डर रिव्हर संस्थेच्या प्रकरणातही हेच घडले. संपकऱ्यांना रोखायला जे दार वेगळ्या कायद्याशिवाय उघडले, ते मुक्या रहिवाशांसाठी उघडायला वेगळा कायदा लागला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तो कायदा (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्रिपा’) इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी लावून धरला आणि २३ मे १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांचा विरोध कडवा होता आणि कायद्याच्या प्रत्येक कलमावर त्याचा ठसा आहे. तपास सुरू करण्याआधी गव्हर्नरला सात दिवसांची लेखी सूचना द्यायची. दावा लावण्याआधी पत्राने कळवायचे की संस्थेत काय आढळले, त्याला आधार काय, किमान काय सुधारावे लागेल आणि त्यासाठी संघ सरकारकडून कोणती मदत मिळू शकेल. त्यानंतर ४९ दिवस थांबायचे. दाव्यावर संघ सरकारच्या अ‍ॅटर्नी जनरलने स्वतः सही करायची, ती हाताखालच्या कोणावर सोपवायची नाही. एखाद-दुसरी चूक पुरेशी नाही. हाल घोर हवेत आणि ते नित्याचे झालेले हवेत. भरपाई मागता येत नाही, फक्त परिस्थिती बदलण्याचा आदेश मागता येतो. आत शिरण्याची आणि कागद मागवण्याची सक्ती करणारा अधिकार तर १९८० मध्ये दिलाच नव्हता. तो आला २०१० मध्ये, आरोग्यविम्याच्या अवाढव्य कायद्यात, शेवटाकडच्या एका कलमात. तीस वर्षे तपास राज्याच्या राजीखुशीवर बराचसा अवलंबून होता.

या कायद्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे की, सूचना आणि मुदती देऊन त्याने दोषी संस्थेला साफसफाई करायला वेळ दिला. सात दिवसांत भिंतींना रंग देता येतो, हे खरे आहे. पण रिकाम्या जागांवर माणसे सात दिवसांत नेमता येत नाहीत आणि पाच वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी पुसता येत नाहीत. शिवाय या मुदतीतूनच एक गोष्ट जन्माला आली, जी मला या कायद्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. ती म्हणजे निष्कर्षांचे पत्र. एप्रिल २०१९ मध्ये अलाबामाच्या पुरुष कैद्यांच्या तुरुंगांबद्दलचे असे पत्र बाहेर आले. त्याच्या आरंभी २०१७ च्या सप्टेंबरमधल्या एका आठवड्यातल्या घटना मांडल्या आहेत. बिब तुरुंगाच्या एका बराकीत दोघांनी एका कैद्यावर चाकूचे वार केले, सोडवायला गेलेल्यालाही भोसकले. जखमी माणूस घासत घासत दरवाजापर्यंत आला. बाकीचे कैदी कुलूपबंद दारावर मुठी आपटत राहिले. अखेर एक अधिकारी आला तेव्हा तो माणूस छातीतून रक्त वाहत जमिनीवर पडलेला होता. तो वाचला नाही. दुसऱ्या एका कैद्याने तपासणाऱ्यांना सांगितले की त्याच्या किंकाळ्या झोपेत अजून ऐकू येतात. ही ओळ सरकारी शिक्क्याच्या कागदावर आहे, कोणालाही वाचता येईल अशी. जॉर्जियाच्या तुरुंगांबद्दलचे २०२४ चे पत्रही असेच. २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत १४२ खून झाल्याचे त्यात मोजून दाखवले आहे आणि राज्य स्वतःच्या आकड्यांत खून कमी दाखवते, हेही.

राज्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता की, तुरुंग आमचे, इस्पितळे आमची, खर्च आमचा, मग वॉशिंग्टनने हुकूम का सोडावेत? हा आक्षेप मी हलका मानत नाही. दूर बसलेला अधिकारी स्थानिक अडचण ओळखत नाही, हे अनेकदा खरे असते. पण क्रिपाखाली वॉशिंग्टन हुकूम सोडत नाही, ते पुरावा घेऊन न्यायाधीशासमोर जाते आणि तिथे राज्याचे म्हणणेही ऐकले जाते. राज्याने ज्याला स्वतः कोंडले आहे त्याला मतपेटीतून दबाव आणता येत नाही, आणि शाळा-रस्त्यांसाठी भांडणाऱ्या मतदारांपुढे त्याचा क्रमांक शेवटचा लागतो. स्थानिक लोकशाहीवर ज्याला सोडून देता येत नाही असा नागरिक असलाच तर तो हाच.

दुसरा आक्षेप अधिक बोचतो. दावा लावायचा की नाही हे अ‍ॅटर्नी जनरलच्या मर्जीवर आहे, आणि तो राष्ट्राध्यक्षाने नेमलेला राजकीय माणूस असतो. रेगन यांच्या काळात न्याय खाते दाव्यांऐवजी वाटाघाटींवर वेळ घालवते, अशी टीका सतत झाली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यांशी न्यायालयाच्या देखरेखीखालचे करार करण्यावर खात्याने स्वतःच बंधने आणली, ती २०२१ च्या एप्रिलमध्ये उठवली गेली. ही दोरी राजकारणाने ताणली-सैल केली जाते, यात शंका नाही. तरीही अलाबामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. तपास २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, ओबामांच्या काळात सुरू झाला. पत्र निघाले ट्रम्प यांच्या काळात, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये दावाही त्यांच्याच अ‍ॅटर्नी जनरलच्या सहीने दाखल झाला. पुढे तो बायडन यांच्या खात्याने चालवला. पक्ष बदलले तरी पुरावा जागेवर राहिला, कारण तो कागदावर उतरून सर्वांसमोर आलेला होता. पत्रापासून दाव्यापर्यंत ४९ दिवस नव्हे, वीस महिने गेले हे मात्र लपवण्यासारखे नाही, आणि त्या वीस महिन्यांतही त्या तुरुंगांत माणसे मरत होती.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. मुंबईत पोलीस कोठडीतल्या बायकांना मारहाण होते, असे पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. त्यांनी तुरुंगात १५ स्त्री-कैद्यांशी बोलून घेतले होते, त्यांतल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन खातरजमा करायला सांगितले आणि १९८३ च्या निकालात, शहरातल्या कोठड्यांना सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो स्त्री न्यायाधीशांनी, अचानक भेटी द्याव्यात असा आदेश दिला. इथे दावा लावण्याचा अधिकार न्यायालयाने कोणाही जागरूक माणसाला दिला, तोही एका पत्रावर. अमेरिकेत ज्या दाराला कायदा लागला ते इथे न्यायमूर्ती भगवतींच्या पिढीने उघडले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पुढे १९९३ च्या कायद्याने मानवी हक्क आयोगाला तुरुंग आणि अशा संस्थांत जाण्याचा अधिकार दिला. आधी त्यासाठी राज्याला कळवावे लागे, २००६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. म्हणजे न सांगता आत जाण्याच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. मागे आहे तो त्यानंतरच्या पायरीवर. आयोगाला न्यायालयात जाता येते, पण त्याचे नेहमीचे हत्यार शिफारस आहे आणि शिफारस राज्याला बांधत नाही.

क्रिपाची एक उणीव सांगायची राहिली. तो फक्त राज्य आणि स्थानिक सरकारच्या संस्थांना लागू आहे. सरकारी परवान्यावर किंवा अनुदानावर चालणारे खासगी वृद्धाश्रम त्यात येत नाहीत, आणि संघ सरकारच्या स्वतःच्या तुरुंगांवरही या कायद्याखाली दावा लागत नाही. बालसुधारगृहांच्या बाबतीत ही फट १९९४ च्या आणखी एका कायद्याने काही अंशी बुजवली. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.