दोराहा : माळव्याचा कागद जिथे लिहिला गेला

भोपाळच्या अरेरा कॉलोनीत मराठी आडनावांच्या पाट्या आजही जागोजागी दिसतात. 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडील सरकारी नोकरदारही आपली बिऱ्हाडे घेऊन आले. मात्र या भागाशी मराठ्यांचा संबंध त्याहून दोन शतके जुना आहे. त्याची खूण शहरात नाही. ती वायव्येस, बियावऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, तास-सव्वातासाच्या अंतरावरील दोराहा या लहानशा गावात आहे.

दोराहा म्हणजे दोन वाटा फुटतात ती जागा. गावाचे नाव आणि त्याचे नशीब, दोन्ही रस्त्यानेच ठरवले. मोगल काळात बुऱ्हाणपूरहून आग्र्याकडे जाणारा राजमार्ग हंडिया येथे नर्मदा ओलांडून इछावर, सिहोर, दोराहा, सिरोंज असा उत्तरेस जाई. व्यापारी, फौजा, बादशाही जासूद साऱ्यांचा मुक्काम अशा ठिकाणच्या सराईत पडे. म्हणूनच जुन्या लेखनात हे गाव ‘दुराहा सराई’ या नावाने भेटते.

भूमी माळव्याच्या पठाराची. उंची सुमारे पाचशे मीटर असली तरी डोळ्यांना ती सपाट मैदानासारखीच दिसते. काळी कसदार माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू नि हरभरा. सिहोरचा शरबती गहू याच मातीतला. पश्चिमेकडून पार्वती नदी उत्तरेस चंबळेकडे वाहते. दाणावैरण मुबलक आणि वाट अडवणारा डोंगर नाही, त्यामुळे मोठ्या फौजांना हा प्रदेश सोयीचा होता.

मार्च 1737 मध्ये बाजीराव पेशवे थेट दिल्लीपर्यंत धडकून परतले. हादरलेल्या मुहम्मदशहाने निजामुल्मुल्काला दक्षिणेतून बोलावून घेतले. मोठी फौज, जड तोफखाना, बुंदेले व राजपूत यांची साथ घेऊन निजाम डिसेंबरमध्ये भोपाळला पोहोचला आणि तलाव व किल्ला यांच्या आडोशाने त्याने तळ दिला. जागा बचावास उत्तम, पण त्याच जागेने त्याला कोंडले. बाजीरावांनी तोफांच्या तोंडी जाणे टाळून रसद तोडली. तिकडे चिमाजी अप्पा तापीकाठी राहिले, जेणेकरून दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक येऊ नये. हे सारे वसईची मोहीम चालू असतानाच घडत होते, हे गोव्याच्या वाचकाने ध्यानी घ्यावे. पोर्तुगीज आणि निजाम या दोन आघाड्या त्या वर्षी एकाच वेळी पेटल्या होत्या.

उपासमार असह्य झाल्यावर निजाम तोफांच्या आडून दिवसाकाठी मोजके मैल सरकत सिरोंजच्या दिशेने निघाला. वाटेत दोराहा लागला. तेथे 7 जानेवारी 1738 रोजी त्याने लिहून दिले : माळवा पेशव्यांचा, नर्मदा ते चंबळ या मुलखावर त्यांचा अंमल, बादशहाकडून तशी सनद मिळवून देणे, आणि खर्चापोटी पन्नास लाख रुपये. निजामाचा समूळ बीमोड का केला नाही, असा प्रश्न पुढे अनेकदा विचारला गेला. त्याचा तोफखाना शाबूत होता आणि मित्रही सोबत होते. मोकळ्या मैदानात उपाशी शत्रूही महाग पडला असता. बाजीरावांचा निर्णय व्यवहाराचा होता.

सनद मात्र लगेच आली नाही. 1739 मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, एप्रिल 1740 मध्ये बाजीराव रावेरखेडी येथे निवर्तले. 1741 मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात माळव्याची नायब-सुभेदारी मिळून त्या कागदाला बादशाही मान्यता लाभली. इंदूर, देवास, धार येथील मराठी गाद्या त्यानंतर निर्धोक झाल्या.

दोराह्याच्या वाट्याला यातले फारसे आले नाही. गाव अखेरीस भोपाळच्या नवाबांच्या संस्थानात मोडू लागले. 1949 मध्ये संस्थान भारत सरकारकडे आले, पुढे दोराहा सिहोर जिल्ह्यात गेला. गंमत अशी की 1972 मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत भोपाळ शहर, आणि अर्थात अरेरा कॉलोनीही, त्याच सिहोर जिल्ह्यात मोडत असे. तरीही बहुतेक पाठ्यपुस्तके या कराराला ‘भोपाळचा तह’ म्हणतात. ज्या सराईत तो लिहिला गेला तिचे नाव कंसात जाते किंवा गळूनच पडते. बियावऱ्याकडे जाणारी वाहने आता महामार्गावरून वेगाने पुढे जातात.