आमसुलाचा रंग आणि न ऐकू येणारा आवाज

सोलकढीसाठी भिजत घातलेल्या आमसुलांचा लाल रंग पाण्यात सावकाश उतरताना तुम्ही पाहिला असेल. हा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. ती कोकमाच्या सालीतील पेशींत कोंडलेली असतात. घाई असली की आपण गरम पाणी घेतो. पण फार वेळ उकळल्यास हीच द्रव्ये नासतात. मग न तापवता ती बाहेर कशी काढायची?

उत्तर आहे ध्वनी! सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेला ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. तो जोराने पाण्यात सोडला, की पाणी आळीपाळीने ताणले व दाबले जाते. ताणाने सूक्ष्म बुडबुडे जन्मतात, दाबाने ते कोसळतात. सालीलगतचा बुडबुडा कोसळताना पाण्याची बारीक चिळकांडी सालीवर आदळते. पेशीभित्तिका फाटतात आणि रंग बाहेर पडतो.

असेच बुडबुडे जहाजाच्या पंख्याची पाती झिजवतात. त्यांच्या कोसळण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. जहाजाला घातक असलेली क्रिया येथे कामी येते!

मात्र ध्वनी फार वेळ चालू ठेवला, तर पाणी तापतेच. म्हणून भांडे थंड पाण्यात ठेवून हे काम करतात.

घरी एक प्रयोग करा. दोन पेल्यांत सारखेच थंड पाणी घ्या. एकात अखंड आमसूल टाका, दुसऱ्यात तेवढेच कुटलेले. रंग आधी कोठे उतरतो? का, ते आता तुम्हीच सांगा.